सागरगोट्यांची बरणी

माल घ्यायला देवराव रेवतकर नागपूरच्या इतवारीत शिरला की सगळ्यात आधी त्याला ऊन आठवे. दुकानदार पाकिटं फोडत, रंगीत वस्तू पुढ्यात पसरत, भाव सांगत. देवराव त्यातली एक उचलून तळहातावर ठेवी आणि मनातल्या मनात तिला मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्याच्या कडेला काचेत कोंडून पाही. तिथं टिकली तर पुढचं बोलणं.

हे त्याला पहिल्याच उन्हाळ्यानं शिकवलं होतं. शहराबाहेर वाडीच्या ज्या ट्रान्सपोर्ट गोदामात त्याची उमर गेली, तिथं मालाच्या पावत्या, बिल्ट्या, हातानं लिहायला माणूस लागेनासा झाला. तेव्हा रायपूरला चाललेल्या एका व्यापाऱ्याकडून त्यानं ही यंत्रं घेतली. लोखंडी खांब, त्यावर शेजारी शेजारी काचेच्या तीन बरण्या, प्रत्येक बरणीखाली एक मूठ. खाचेत पाचचं नाणं घालून मूठ फिरवली की आतली चकती फिरते, तिच्या भोकात बसेल तेवढा माल खाली घरंगळतो आणि झडप उचलली की हातात येतो. वीज नको, माणूस नको. पहिल्या वर्षी त्यानं हौसेनं च्युइंगमच्या गोळ्या भरल्या. मे लागला आणि सीताबर्डीतल्या कापडदुकानापुढच्या यंत्रात लाल, पिवळं, हिरवं सगळं एकजीव होऊन बरणीच्या आकाराचा एकच गोळा तयार झाला. दुकानातला नोकर म्हणाला, "काका, आता हे एकाच गिऱ्हाइकाले विका. तो घरी घेऊन जाईन अन जिंदगीभर चघळत बसन."

पावसाळ्यात फुटाण्यांनी दगा दिला. वरून कडक दिसत, दाताखाली मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखे. मग देवराव शिकत गेला. खायचा माल थंडीत. उन्हाळ्यात रबरी उसळचेंडू, अंगठ्या, प्लॅस्टिकच्या डबीतले किडे आणि गाड्या. शाळेजवळ चकाकणारं काहीही चाले, फक्त बरणीत वरच्या थराला चार मोठे रंगीत नग काचेला टेकवून ठेवावे लागत; पोराला ठाऊक असतं की ते आपल्या हाताला लागणार नाहीत, तरी ते नाणं टाकतं. धंतोलीतल्या दवाखान्यात त्याला वाटलं होतं बडीशेपेच्या गोळ्या जातील. गेले चेंडू. डॉक्टरांची वाट बघून कंटाळलेले बाप पोराच्या नावानं नाणं टाकत आणि मग स्वतःच तो चेंडू हातात गोल गोल फिरवत बसत. देवरावनं हे बघितलं आणि दवाखान्यातल्या तिन्ही बरण्या चेंडूंनी भरल्या. माल काय आहे याला फार अर्थ नसतो, तो घेताना माणूस कशाची वाट बघतो आहे ते कळलं पाहिजे, असं त्याचं झालेलं मत होतं. पण ते तो कुणाला सांगत नसे, कारण सांगण्यासारखं माणूस खोलीवर नव्हतं.

बस स्टँडसमोरच्या यंत्राची गोष्ट मात्र निराळी होती.

हे यंत्र गणेशपेठेत गौरांगच्या दुकानाच्या पायरीशी होतं. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, मोबाइलचे चार्जर आणि प्रवासात विसरलेल्या टूथब्रशपासून नाडीपर्यंत सगळं विकणारं दुकान. गौरांगच्या वडलांनी देवरावला ही जागा दिली होती. ते गेले आणि पोरगा गादीवर बसला. एका बरणीत चेंडू, दुसरीत थंडीत चणे आणि एरवी डबीतल्या गाड्या. या दोन्ही धावत. तिसरीत सागरगोटे होते.

राखाडी, गुळगुळीत, कुणाच्या ध्यानीमनी नसलेले सागरगोटे. देवराव ते इतवारीतल्या जडीबुटीवाल्याकडून आणी. दुकानदाराला वाटे, माणसाला पोटाचं काही जुनं दुखणं असावं. वाडीच्या खोलीवर आणून देवराव ते एकेक करून जुन्या चकतीच्या भोकातून काढी. मोठे अडकत, बारके दोन दोन पडत, मधले तेवढे तो पुसून पिशवीत भरी. इतकी मेहनत त्यानं दुसऱ्या कुठल्या मालावर कधी घेतली नव्हती, आणि इतका कमी खपणारा मालही त्याच्याकडे दुसरा नव्हता. आजकालच्या पोरांना ते काय आहे हेच कळत नसे. एका मुलीनं झडप उचलून सागरगोटा हातात घेतला आणि आईला विचारलं, "हे उगवायचं असते का?"

तरी ती बरणी हळूहळू उतरत असे. कारण तिला एक गिऱ्हाईक होतं.

देवरावची बायको प्रेमिला नरखेडकडची. लग्न होऊन वाडीला आली तेव्हा खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि दिवसभर अमरावती रोडवरून जाणाऱ्या ट्रकांचा हादरा. दुपारी देवराव जेवायला येई तेव्हा ती फरशीवर एकटीच सागरगोटे खेळत बसलेली असे. एक हवेत, बाकीचे झपकन मुठीत, वरचा खाली येण्याआधी तळहात पुन्हा उताणा. तो दारात उभा राहून बघे. त्याला पाहिलं की ती ते ओच्यात गोळा करून उठे, लहान मुलीसारखी पकडली गेल्यागत. लेकरू झालं नाही. पुढं पुढं खेळणंही सुटलं. पण देवरावला त्या दुपारी आठवत, आणि ज्या वर्षी प्रेमिला माहेरी गेली त्या वर्षी त्याला समजलं की आपल्याला दुसरं फारसं काही आठवतच नाही.

ती भांडून गेली नव्हती. तिची माय पाय घसरून पडली, भाऊ परमुलखात, आणि संत्रीच्या झाडांवर फळ धरलेलं. "बहार निघाला की येते," म्हणाली. बहार निघाला. मायचं हाड जुळलं पण चालणं जुळलं नाही. मग दुसरा बहार आला. संत्रीच्या बागेचं असं असतं की तिच्यात कधीच सगळं आटोपत नाही. एकीकडं तोडणी, दुसरीकडं पाणी तोडून झाडांना ताण, मग पुन्हा पाणी, मग फुलं. प्रेमिला तिकडंच राहिली. "ये" म्हणावं तर आजारी मायला टाकून ये म्हटल्यासारखं होई, म्हणून देवराव म्हणाला नाही. आणि "तुम्ही या" म्हणावं तर नवऱ्याला घरजावई हो म्हटल्यासारखं होई, म्हणून ती म्हणाली नाही. दोघंही एकमेकांचा मान राखत राहिले, आणि त्या मानापायी वर्षं निघून गेली.

मायची औषधं, चष्मा, झाडांवरच्या रोगाची फवारणी, असं काहीबाही घ्यायला ती अधूनमधून नागपूरला येई. सकाळच्या बसनं यायचं, दुपारच्या बसनं परत; वाडीपर्यंत जायला वेळ उरत नसे. एकदा गौरांग म्हणाला, "काका, काल काकू आल्या होत्या. मशीनमधून ते तुमचे सागरगोटे काढून राहिल्या होत्या. चांगली मोड घेऊन आल्या होत्या नाण्यांची."

त्या दिवसापासून देवराव त्या बरणीकडे उन्हाळ्यात विहिरीत वाकून पाणी बघावं तसा बघू लागला. पातळी तशीच असली तर ती आली नाही. बोटभर उतरली असली तर येऊन गेली. दोन बोटं उतरली तर बस उशिरा असावी, तिला वेळ मिळाला असावा. मग तो काचेवरून फडकं फिरवी आणि बरणी पुन्हा वरपर्यंत भरी. हे त्याचं तिच्याशी बोलणं होतं. आपण भरतो, ती काढते. कधीतरी तिकडं बागेत, ओसरीवर, ती पुन्हा खेळायला बसत असेल, अशा विचारानं तो वाडीला परत जाताना बसमध्ये उभा राहूनही सुखात असे.

अशात एप्रिल लागला आणि गौरांगनं विषय काढला.

"काका, राग नका मानू. पण या दोन बरण्या पळून राहिल्या अन हे तिसरी काहून अडवून ठेवली? थंड पाण्याच्या कंपनीवाला मागं लागला आहे, फ्रीज ठेवतो म्हणते. जागा कुठली देऊ? मी म्हटलं, आमच्या काकांची मशीन हाये, बाबांपासूनची. तो म्हणते, तिच्यात त औषधी बिया ठेवल्या हायेत."

"खपतात नं ते," देवराव म्हणाला.

"कोणाले? काकूले!" गौरांग हसला. मग त्याचा चेहरा पाहून आवाज उतरवून म्हणाला, "काका, असं करा. तिसऱ्या बरणीतबी चेंडू टाका. तिन्ही चालल्या त फ्रीजवाल्याले मी सांगतो, दुसरीकडं जागा पाह. नाई त मलेबी दुकान चालवाचं हाये."

पोरगा खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या कुणी असं बियाणं भरून ठेवलं असतं तर देवरावनंच त्याला वेड्यात काढलं असतं. त्यानं फक्त एवढंच मागितलं. "पुढच्या खेपेले ते आली की मले फोन कर. मंग मी बदलतो."

"फोन त मी करीन. पण तुम्ही येऊन काय बोलान?"

"ते मी पाहीन."

काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. विचारायचं होतं, परत येतेस का. एवढ्या वर्षांत बरणी ज्या माणसानं रिकामी केली त्याला हे विचारायचा हक्क आपल्याला आहे असं त्याला वाटत होतं. घेणाऱ्याला माल आवडतो तेव्हाच तो पुन्हा येतो, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं.

फोन आला तेव्हा तो धंतोलीच्या दवाखान्यात खाली बसून चेंडूंची बरणी भरत होता. "काका, काकू आल्यात. बस सुटाले अजून टाइम हाये." देवरावनं झाकण लावलं, उरलेले चेंडू पिशवीत कोंबले आणि ऑटो पकडला. रस्ता तापलेला होता, ऑटोवाल्यानं तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला होता, आणि देवराव मांडीवर पिशवी धरून नवऱ्या मुलासारखा ताठ बसला होता.

स्टँडसमोर उतरला आणि त्याला ती दिसली. तिनं त्याला पाहिलं नव्हतं. पाठमोरी, डोक्यावर पदर, खांद्याला औषधांची पिशवी. दुकानापुढच्या हिरव्या जाळीच्या सावलीत ती यंत्राशी वाकली होती. देवराव रस्त्याच्या अलीकडेच थांबला. कितीदा त्यानं हे मनात पाहिलं होतं.

तिनं नाणं घातलं. मूठ फिरवली. झडप उचलून आत हात घातला आणि हात तसाच पिशवीत नेला. दुसरं नाणं. मूठ. झडप. पिशवी. पुन्हा.

देवरावचा चेहरा हळूहळू बदलत गेला. यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या शेकडो माणसांना त्यानं पाहिलं होतं. पोरं, म्हातारे, पोलीस, नर्सा. झडपेतून वस्तू हातात आली की माणूस तिच्याकडे बघतो. क्षणभर का होईना, तळहात उघडून बघतोच. आवडो की न आवडो. प्रेमिला बघत नव्हती. ती सागरगोटे असे काढत होती जसं घरातलं एखादं काम उरकावं, भांडी पुसून मांडणीत ठेवावी.

तो रस्ता ओलांडून गेला.

"कवा आली वं?"

ती दचकली नाही. वळून म्हणाली, "अव्वा, तुम्ही? आत्ताच आली. मायच्या चष्म्याची काच बदलाची होती." मग त्याच्या कपाळाकडे बघून, "टोपी काहून नाई घातली? ऊन पाहा कसं हाये."

गौरांगनं आतून दोन स्टुलं सरकवली, पाण्याची बाटली दिली आणि चार्जरच्या पेटीत काहीतरी फार महत्त्वाचं शोधायला लागला.

"मायचं कसं हाये?"

"हाये तसंच. शिव्या देते म्हणजे बरी हाये."

"झाडं?"

"यंदा फळ चांगलं धरलं."

देवरावनं पिशवीकडे बोट केलं. "अजून खेळते का?"

"काय?"

"सागरगोटे."

प्रेमिलानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याला उन्हाचा त्रास झाला असावा. "मी? माझे गुडघे पाहा. खाली बसली त उठवाले दोन माणसं लागतात."

"मंग घेते काहून?"

ती पदराच्या टोकानं मान पुसू लागली. मग म्हणाली, "कोणीच घेत नाई म्हणून. पहिल्यांदा आली तवा पाह्यलं, बाकीच्या बरण्या अर्ध्या झालेल्या अन हे काठोकाठ भरलेली. म्हटलं, यांचा माल पडून राहिला. एवढा आणला, पैसा गुंतला असन. म्हणून दोन-चार काढले. पुढच्या खेपेले आली त पुन्हा भरलेली! म्हटलं, पाहा, आता कोणी घेते म्हणून अजूनच आणून राहिले. मंग कसं थांबाचं?"

देवरावची नजर तिच्या पिशवीतल्या सागरगोट्यांवर गेली.

"तिकडं बागेच्या कडेनं धुऱ्यावर सागरगोट्याची जाळीच हाये," ती म्हणाली. "काटे मेले पायात रुततात. मायनं कुंपणाले लावली होती, आता साऱ्या धुऱ्यावर पसरली. पोतंभर निघतीन. हे तुमचे मी नेऊन तिथंच टाकते."

पेटीत तोंड घातलेल्या गौरांगला राहवलं नाही. "काकू, म्हणजे पैसे देऊन घेता अन धुऱ्यावर फेकता? अन काका इकडं इतवारीतून इकत आणतात! तुम्हा दोघायचं दुकान मले चालवाले द्या, मी एका महिन्यात भिकेले लागतो."

प्रेमिला हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत हसली, आणि देवरावलाही हसू आलं. हसता हसता त्याला जाणवलं की विचारायचं जे आणलं होतं ते आता विचारता येणार नाही. ज्या जोरावर विचारायचं तो जोरच नव्हता. इतकी वर्षं तो ज्याला तिची ओढ समजत होता ती काळजी होती. उन्हात टोपी घातली का अशासारखी. काळजी लहान गोष्ट नसते हे त्याला कळत होतं. पण वाडीला परत जाताना त्यानं जी ओसरी पाहिली होती, जो उडालेला सागरगोटा पाहिला होता, ते कुठंच नव्हतं.

"तुम्ही काहून ठेवत होते पण?" तिनं विचारलं.

"असंच," तो म्हणाला. "वाटलं, चालते."

"तुम्हाले त मालाची पारख हाये म्हणतात."

"एखाद्या वेळी चुकते."

त्यानं किल्ली काढली, बरणीचं झाकण उघडलं आणि उरलेले सागरगोटे तिच्या पिशवीत ओतले. औषधाच्या पाकिटांवर ते वाजत गेले. मग दवाखान्यातून आणलेले चेंडू त्यानं बरणीत सोडले. ती शेजारी उभी राहून बघत होती. एक चेंडू निसटून पायरीवर आपटला, उसळत रस्त्याकडे निघाला. तिनं पटकन हात टाकून तो हवेतल्या हवेत झेलला आणि त्याच्या हातात दिला. देवरावनं त्या हाताकडे पाहिलं. मग चेंडू बरणीत टाकून झाकण लावलं.

नरखेडची बस फलाटाला लागली. तो तिची पिशवी घेऊन दारापर्यंत गेला. खिडकीची जागा मिळाली. खाली उभा राहून तो म्हणाला, "पाणी घेतलं नं?"

"घेतलं. आता खपन का ते बरणी?"

"खपन."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. खरंच हलकं वाटल्यासारखी. बस निघाली तेव्हा ती पुढं बघत होती.

बरणी खपली. चेंडू आठवड्याच्या आत तळाला गेले, पुन्हा भरले, पुन्हा गेले. फ्रीजवाला शेजारच्या रसवंतीकडे वळला. गौरांग खूश होता. देवराव येई, काच पुसे, बरणी भरी. ती उतरलेली असे, नेहमीच उतरलेली असे. परतवाडा, पांढुर्णा, उमरेड, कुठकुठल्या बसच्या पोरांनी ती उतरवलेली असे. इतका चांगला चालणारा माल आणि त्यात वाचण्यासारखं काही नाही.

"काकू आल्या होत्या गा परवा," जूनच्या सुरुवातीला गौरांग म्हणाला.

"मशीनपाशी आली होती?"

"नाई. लांबूनच विचारलं, आता चालते का म्हणून. म्हटलं, जोरात. खूश झाल्या. केळी घेतली अन गेल्या."

देवराव पायरीवर बसला. आभाळ भरून होतं, हवा हलत नव्हती. परवा ती इथं उभी होती, केळी घेत होती, आणि त्या वेळी आपण सीताबर्डीत एक अडकलेली चकती सोडवत होतो. उद्या ती आली तरी कळणार नाही. त्यानं फोन काढला. नाव शोधलं. लावला.

बराच वेळ वाजल्यावर तिनं उचलला. मागं पाण्याचा आणि पंपाचा मोठा आवाज. ती ओरडूनच बोलत होती. "काय झालं?"

"काई नाई."

"आं? तब्येत बरी हाये नं? पडले नाई नं कुठं?"

"नाई, नाई. बरा हाये."

"मंग? मायची गोळी इचारून राहिले का? आणली मी परवाच."

"गोळीचं नाई," देवराव म्हणाला. पुढं काय म्हणायचं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. समोरून बस जात होत्या. "असाच लावला. तुले."

तिकडं पाणी पडत होतं. मग ती काहीतरी म्हणाली, ते पंपात बुडालं.

"आं?" आता देवराव ओरडला.

"म्हटलं, आयकू नाई येऊन राहिलं! लाइन हाये आत्ता, पाणी सोडलं झाडांले." ती थांबली. लाइन असताना बागेत मोटार कुणी बंद करत नसतं. वीज पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. "थांबा," ती म्हणाली. "ठेवू नका. बंद करून येते."

चपलांचा आवाज लांब गेला. देवराव फोन कानाला घट्ट लावून बसला. पंप अजून चालू होता.